वृद्ध आप्त, नर्सिंग होम आणि नोरो विषाणू

"फादर, नोरो म्हणजे कोरोनाचेच नवे रूप का?"

हा प्रश्न एका धर्मग्रामस्थाने मला दूरध्वनीवरून विचारला. त्याची मावशी अनेक वर्षांपासून आपल्या मुलाकडे इंग्लंडमध्ये स्थायिक आहे. वयाची ऐंशी वर्षे तिने केव्हाच ओलांडली आहेत. खुब्याचे हाड मोडल्यानंतर तिला उठवण्या-बसवण्यासाठी दोन माणसे लागू लागली, तेव्हा मुलाने नाइलाजाने तिला घराजवळच्या एका नर्सिंग होममध्ये ठेवले. डिसेंबर महिन्यात तेथून पत्र आले. पहिल्या मजल्यावर नोरो विषाणूची लागण झाली आहे, आजारी पडलेल्यांत आपल्या आईचाही समावेश आहे, तरी काही दिवस भेटीस येऊ नये, असा त्या पत्राचा मजकूर होता. ही वार्ता येथे पोहोचली आणि मावशीच्या धाकट्या बहिणीने अन्नपाणी टाकले. २०२० साली दूरचित्रवाणीवर पाहिलेली दृश्ये तिच्या डोळ्यांपुढे उभी राहिली असावीत. तिकडे मुलगा, "उद्या सकाळी जातो आणि आईला उचलून घरी आणतो," असे म्हणत होता. काळजी दोघांचीही खरी होती. परंतु आजाराचे स्वरूप ठाऊक नसल्यामुळे एकाने जेवण सोडले आणि दुसरा नको ते करावयास निघाला होता.

प्रथम शब्दांचा थोडा उलगडा करतो. आपल्याकडे नर्सिंग होम म्हटले की लहानसे खाजगी रुग्णालय डोळ्यांसमोर येते. बाळंतपणासाठी किंवा अपेंडिक्सच्या शस्त्रक्रियेसाठी तेथे जावे आणि चार दिवसांनी घरी परतावे. इंग्लंड, अमेरिका, कॅनडा ह्या देशांत मात्र ज्या वृद्धांना रात्रंदिवस परिचारिकेची मदत लागते, त्यांच्या कायमच्या निवासस्थानाला नर्सिंग होम म्हणतात. आपल्या धर्मभगिनी चालवितात ते वृद्धाश्रम त्याच्या बरेच जवळ येतात. विषाणू दोन्हीकडे सारखाच वागतो. म्हणून पुढील मजकूर परदेशी आप्त असलेल्यांना जितका लागू आहे, तितकाच येथल्या आश्रमात आईवडील असलेल्यांनाही आहे.

आता त्या प्रश्नाकडे वळू. नोरो आणि कोरोना ह्यांचे यमक तेवढे जुळते, नाते काहीच नाही. 'कोरोना' हा लॅटिन शब्द असून त्याचा अर्थ मुकुट. 'नोरो' हे नाव अमेरिकेतील ओहायो राज्यातील नॉरवॉक ह्या गावावरून पडले. १९६८ सालच्या ऑक्टोबर महिन्यात त्या गावातील एका प्राथमिक शाळेत निम्मे विद्यार्थी व शिक्षक एकाएकी उलट्या आणि जुलाबांनी आजारी पडले. जंतू काही केल्या सापडेना. अखेर १९७२ साली आल्बर्ट कापिकियन ह्या शास्त्रज्ञाने इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली, जपून ठेवलेल्या नमुन्यांत, सुमारे २७ नॅनोमीटर व्यासाचे कण पाहिले. पोटाच्या साथीचे कारण विषाणू असू शकतो, हे त्यामुळे सिद्ध झाले. 'नोरो विषाणू' हे आजचे नाव अधिकृत झाले ते २००२ साली. इंग्लंडमध्ये लोक त्याला हिवाळ्यातील उलट्यांचा आजार म्हणतात, कारण थंडीत त्याचा जोर वाढतो.

लागण झाल्यापासून बारा ते अठ्ठेचाळीस तासांत मळमळ, जोराच्या उलट्या, पातळ जुलाब, पोटात कळा आणि कधी थोडा ताप अशी लक्षणे दिसू लागतात. बहुतेकांचा आजार एक ते तीन दिवसांत ओसरतो. वृद्धांत तो काही दिवस अधिक रेंगाळतो. त्यावर विषाणूला मारणारे औषध नाही. प्रतिजैविके तर येथे सर्वस्वी निरुपयोगी, कारण ती जिवाणूंवर चालतात. लसही अद्याप बाजारात आलेली नाही. शिवाय त्याचे प्रकार अनेक आहेत आणि एकदा आजार झाल्यावर येणारी प्रतिकारशक्ती फार काळ टिकत नाही. अनेक वर्षे जीआयआय.४ ह्या प्रकाराचे वर्चस्व होते; २०२४-२५ च्या हंगामात अमेरिकेतील बहुतेक उद्रेक जीआयआय.१७ ह्या निराळ्या प्रकाराने झाले. तेव्हा "मागल्या वर्षी होऊन गेला, आता भीती नाही," असे म्हणता येत नाही.

ज्या एका गोष्टीसाठी हा लेख लिहावासा वाटला, ती आता सांगतो. कोरोनाच्या काळात आपण सर्वजण एक धडा शिकलो: खिशात सॅनिटायझरची बाटली ठेवावी, दोन थेंब हातावर चोळावेत आणि निश्चिंत व्हावे. कोरोनाच्या बाबतीत हा धडा योग्य होता. कोरोना आणि फ्लू ह्यांच्या विषाणूंभोवती स्निग्ध पदार्थाचे पातळ आवरण असते. तेलकट ताट साबणाने स्वच्छ होते, तसे ते आवरण साबणाने किंवा अल्कोहोलने विरघळते आणि विषाणू निकामी होतो. नोरो विषाणूला असे आवरणच नाही. प्रथिनांचे घट्ट कवच आणि आत जनुकीय द्रव्य, एवढाच त्याचा प्रपंच. विरघळण्यासारखे स्निग्ध असे त्याच्यापाशी काही नसल्यामुळे सॅनिटायझरचा त्याच्यावर फारसा परिणाम होत नाही. साबणाने तरी काय होते? साबण त्याला मारत नाही. पण साबण आणि वाहते पाणी ह्यांच्या घर्षणाने तो कातडीवरून सुटतो आणि मोरीतून वाहून जातो. म्हणून निदान वीस सेकंद, बोटांच्या बेचक्यांतून आणि नखांच्या कडांतून हात चोळून धुणे, हाच येथे उपाय आहे. मावशीच्या मुलाने आईच्या खोलीत ठेवावयास सॅनिटायझरच्या सहा बाटल्या विकत घेतल्या होत्या. साबणाची एक वडी त्याहून अधिक उपयोगी पडली असती.

त्याचा चिवटपणाही ध्यानात घ्यावा. साठ अंशांच्या वरपर्यंतची उष्णता तो काही वेळ सोसतो, त्यामुळे अन्न नुसते कोमट करून भागत नाही. दाराच्या मुठीवर, पलंगाच्या कठड्यावर, कमोडच्या बैठकीवर तो कित्येक दिवस टिकतो. रुग्णाच्या एक ग्रॅम विष्ठेत त्याचे अब्जावधी कण असतात आणि लागण होण्यास शंभराहून कमी कणही पुरेसे ठरतात. उलटी होते तेव्हा त्याचे सूक्ष्म तुषार हवेत उडून आसपासच्या वस्तूंवर बसतात. रुग्ण बरा झाल्यावरही दोन आठवडे, कधी त्याहून अधिक काळ, त्याच्या विष्ठेतून विषाणू बाहेर पडत राहतो.

हे सारे एका नर्सिंग होममध्ये घडते आहे अशी कल्पना करा. एकच भोजनगृह, सामाईक न्हाणीघरे, भिंतीलगतचा कठडा धरून चालणारे तीस-चाळीस वृद्ध. त्यांपैकी काहींना स्मृतिभ्रंश झालेला. ते दुसऱ्याच्या खोलीत जाऊन दुसऱ्याच्या पेल्यातले पाणी पितात. एकच सेविका सकाळच्या दोन तासांत आठ जणांना स्वच्छ करते, कपडे घालते, भरवते. अमेरिकेत नोंद होणाऱ्या नोरोच्या उद्रेकांपैकी निम्म्याहून अधिक अशा दीर्घकालीन शुश्रूषागृहांत होतात, ते ह्याच कारणाने. त्या देशात ह्या विषाणूमुळे दरवर्षी होणाऱ्या सुमारे नऊशे मृत्यूंपैकी बहुतेक पासष्ट वर्षांवरील व्यक्तींचे असतात.

यास्तव एक गोष्ट स्पष्टपणे मांडतो. आपल्या आप्ताला तेथे नोरोची लागण झाली, एवढ्यावरून ती संस्था अस्वच्छ किंवा बेफिकीर ठरत नाही. उत्तम चालविलेल्या घरातही तो शिरतो. कधी नातवाच्या हाताला लागून येतो, कधी नव्या सेविकेबरोबर. संस्थेची परीक्षा होते ती तो शिरल्यानंतर. म्हणून कुटुंबाने दूरध्वनी करून रागाने विचारण्याऐवजी नेमके विचारावे. पहिला रुग्ण केव्हा आढळला? आजारी व निरोगी ह्यांच्यासाठी सेविका वेगळ्या केल्या आहेत काय? आजारी पडलेल्या सेविकेला शेवटच्या लक्षणानंतर पूर्ण अठ्ठेचाळीस तास कामावर येऊ देत नाहीत ना? (ज्यांना रजेचे वेतन मिळत नाही त्या आजार लपवून कामावर येतात, हे कटू असले तरी सत्य आहे, आणि त्याचा दोष त्यांना देऊन भागत नाही.) फरशी आणि कठडे क्लोरीनयुक्त द्रावणाने पुसले जातात काय? आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे आमच्या आईने काल दिवसभरात किती पाणी प्यायले, ह्याची नोंद आहे काय?

शेवटच्या प्रश्नाला मी सर्वांत महत्त्वाचा का म्हणतो? कारण वृद्ध माणसाचा जीव बहुधा उलट्यांनी जात नाही, तो शरीरातले पाणी आटल्याने जातो. तरुण माणसाच्या शरीरात वजनाच्या सुमारे साठ टक्के पाणी असते. उतारवयात ते पन्नास टक्क्यांच्या आसपास येते. म्हणजे मुळातच साठा कमी. त्यात तहानेची जाणीव बोथट झालेली, आणि मूत्रपिंडांची पाणी राखून ठेवण्याची शक्तीही उणावलेली. वृद्ध व्यक्ती "तहान नाही" म्हणते तेव्हा ती खोटे बोलत नसते. तिला खरोखरच तहान लागत नाही आणि तेच धोक्याचे असते. शिवाय, "पाणी प्यायले की पुन्हा बाईला हाक मारून शौचाला न्यायला सांगावे लागते," ह्या संकोचाने पेला बाजूला सारणाऱ्या कितीतरी आज्या मी आजाऱ्यांच्या भेटीगाठींत पाहिल्या आहेत.

पाणी कमी पडू लागल्याची लक्षणे वृद्धांत फसवी असतात. त्यांची कातडी सैल असल्याने चिमटीत धरून पाहण्याची जुनी परीक्षा भरवशाची नाही. जीभ कोरडी पडणे, लघवी गडद आणि कमी होणे, उठून बसताच चक्कर येणे आणि काल चांगली बोलणारी व्यक्ती आज असंबद्ध बडबडू लागणे किंवा नुसती झोपून राहणे, ह्यांकडे लक्ष असावे. ह्या शेवटच्या लक्षणाला "वयोमानाने होते" म्हणून सोडून देऊ नये. आठ-दहा तास लघवीच झाली नाही, उलटीत किंवा जुलाबात रक्त दिसले, घोटभर पाणीही पोटात राहीना किंवा शुद्ध हरपू लागली, तर डॉक्टरांना त्याच क्षणी कळवावे. शिरेतून सलाईन देण्याची गरज भासू शकते. आणखी एक बाब कुटुंबांच्या ध्यानातच येत नाही. रक्तदाबाच्या काही गोळ्या, लघवी वाढविणारी गोळी, मधुमेहावरील मेटफॉर्मिन ही औषधे एरवी हितकारक असली, तरी जुलाब-उलट्या चालू असताना मूत्रपिंडांना जड जाऊ शकतात. ती काही दिवस थांबवावीत काय, हे डॉक्टरांना आवर्जून विचारावे. आपल्या मनाने मात्र बंद करू नयेत. जुलाब थांबविण्याच्या गोळ्याही न विचारता देऊ नयेत.

उपाय जगातील सर्वांत स्वस्त औषधांपैकी एक आहे, आणि त्याची सर्वांत मोठी कसोटी आपल्याच देशात लागली. १९७१ साली बांगलादेशाच्या मुक्तियुद्धात लक्षावधी निर्वासित पश्चिम बंगालमध्ये आले. बनगाव येथील छावणीत पटकीची साथ पसरली आणि शिरेतून देण्याचे सलाईन संपले. डॉ. दिलीप महालनबीस ह्यांनी तेव्हा मीठ, साखर व सोडा ह्यांचे मिश्रण पाण्यात विरघळवून रुग्णांना पाजण्याचा निर्णय घेतला. पाजणारे बहुतांशी रुग्णांचे नातेवाईकच होते. मृत्यूचे प्रमाण तीस टक्क्यांच्या आसपास होते, ते ३.६ टक्क्यांवर आले. महालनबीस २०२२ साली निवर्तले आणि २०२३ साली त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झाले. त्याच मिश्रणाचे सुधारलेले रूप म्हणजे आजचे ओआरएस. पुडी एक लिटर पाण्यासाठी असेल तर ती पूर्ण एका लिटरमध्येच विरघळवावी. अर्धी पुडी पेलाभर पाण्यात टाकू नये. पुडी नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचे लहान, चहाचे. दुकानातील रंगीत गोड पेये म्हणजे ओआरएस नव्हे. ठरलेल्या प्रमाणात नसलेल्या पेयांवर ते नाव छापण्यास भारतीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२५ मध्ये मनाई केली, हे बरेच झाले.

पाजण्याची रीत मात्र धीराची आहे. पेला ओठांना लावून गटागटा पाजल्यास उलटी होते, आणि गिळताना त्रास होणाऱ्या व्यक्तीच्या बाबतीत पाणी श्वासनलिकेत जाण्याची भीती असते. रुग्णाला ताठ बसवून दर दोन-तीन मिनिटांनी एक चमचा द्यावा. पोट थोडे स्थिरावले की मिठाची पातळ पेज द्यावी. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा विकार असल्यास दिवसाचे एकूण प्रमाण डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे.

भेटीस जावे की नाही? वृद्धाच्या मनाला एकाकीपणा किती पोखरतो, हे जगाने कोरोनाकाळात पाहिले. अमेरिकेत १३ मार्च २०२० रोजी नर्सिंग होममधील भेटी थांबविण्याची सूचना निघाली. टप्प्याटप्प्याने सवलती देत १२ नोव्हेंबर २०२१ रोजी दारे पुन्हा सर्व भेटकर्त्यांना खुली झाली. इंग्लंडमध्येही मुलांनी खिडकीच्या काचेवर तळहात टेकवून आईचा निरोप घेतला. त्या यातनांमधूनच तेथे ६ एप्रिल २०२४ पासून नवा नियम लागू झाला. अपवादात्मक परिस्थिती वगळता कोणत्याही शुश्रूषागृहाने रहिवाशाची भेट नाकारता कामा नये, असे तो सांगतो. तेव्हा मावशीच्या मुलाला मी कळविले ते असे. नोरोची साथ काही दिवसांची असते, महिन्यांची नव्हे. उद्रेक चालू असताना सर्वसाधारण भेटी टाळण्याची विनंती रास्त आहे, ती मानावी. परंतु आई अत्यवस्थ झाल्यास, किंवा स्मृतिभ्रंशामुळे ती परक्याच्या हातून पाणीच घेत नसल्यास, एका व्यक्तीला आत येऊ देण्याचा आग्रह नम्रपणे आणि ठामपणे धरावा. अशा वेळी हातमोजे व एप्रन घालावेत, साबणाने हात धुवावेत, तेथे काही खाऊ-पिऊ नये आणि दुसऱ्या खोलीत डोकावू नये.

तिला घरी आणण्याचा बेत मात्र रहित करण्यास मी सांगितले. मुलाच्या घरी दोन लहान मुले आहेत, न्हाणीघर एकच, आणि दोन माणसांनी उठवावे लागणाऱ्या रुग्णाची शुश्रूषा करणारे कोणी नाही. मातृप्रेमाच्या भरात उचललेल्या त्या पावलाने दोन दिवसांत सारे घर आजारी पडले असते आणि आईला पाजावयास कोणीच उभे राहिले नसते.

आपल्या येथील घरात वृद्ध व्यक्तीला हा आजार झाल्यास शक्य तर वेगळे शौचालय द्यावे. उलटी प्रथम कागदाने किंवा जुन्या फडक्याने टिपून पिशवीत बांधावी, जागा साबणाने धुवावी आणि मग ब्लीचच्या द्रावणाने पुसून दहा मिनिटे तशीच ठेवावी. सुमारे पाच टक्क्यांचे घरगुती ब्लीच असेल, तर एक लिटर पाण्यात २० मिलिलिटर पुरे. द्रावण रोज ताजे करावे. संडास धुण्याच्या ॲसिडमध्ये ते कदापि मिसळू नये, त्यातून विषारी वायू निघतो. आजारी व्यक्तीने, बरे वाटू लागल्यावरही निदान दोन दिवस, स्वयंपाकाला हात लावू नये.

आम्हा धर्मगुरूंनाही हेच नियम आहेत. आजाऱ्यांना पवित्र कम्युनियन घेऊन जाणारे धर्मगुरू, धर्मभगिनी किंवा प्रापंचिक सेवक स्वतः जुलाब-उलट्यांनी आजारी असतील, तर बरे झाल्यावर अठ्ठेचाळीस तास त्यांनी कोणाकडे जाऊ नये. खोलीत शिरण्यापूर्वी आणि बाहेर पडल्यावर, प्रत्येक रुग्णागणिक, साबणाने हात धुवावेत. उद्रेकाच्या वेळी तैलाभ्यंग संस्कार द्यावयाचा झाल्यास धर्मगुरूने स्वतःच्या हाताने अभ्यंग करावा, हा नियम आहे. तथापि गंभीर कारण असल्यास साधनाचा वापर करण्यास कॅनन लॉचे कलम १००० अनुमती देते. कापसाच्या बोळ्याने तेल लावले म्हणून संस्कारात काही उणे राहत नाही, हे कुटुंबीयांनी ध्यानी घ्यावे.

आणि एक गाऱ्हाणे. नाताळच्या आठवड्यात आपली तरुण मंडळी चाळीस-चाळीसच्या संख्येने वृद्धाश्रमात जातात, केक वाटतात, गाणी गातात, प्रत्येक आजीचा हात हातात घेतात. हेतू उत्तमच आहे. पण निघण्यापूर्वी "गेल्या दोन दिवसांत कोणाचे पोट बिघडले होते काय?" हा प्रश्न कोणी विचारताना मी ऐकलेले नाही. तो विचारावा, आणि होय म्हणणाऱ्याला न रागावता घरी ठेवावे. चाळीस जणांनी एकदा जाण्याऐवजी चौघाचौघांनी वर्षभर जावे, असेही मला वाटते. पण तो विषय निराळा.

मावशीच्या उलट्या तिसऱ्या दिवशी थांबल्या. लघवीची गोळी डॉक्टरांनी बंद केली होती, ती रक्ततपासणीनंतर पुन्हा सुरू झाली. मजल्यावरील शेवटचा रुग्ण बरा होऊन दोन दिवस उलटले, तेव्हा दार उघडले आणि मुलगा आत गेला. त्याने भ्रमणध्वनीवरून दोघी बहिणींची गाठ घालून दिली. धाकटीने पहिला प्रश्न केला, "पाणी पितेस ना गं?" मावशीने बाजूचा पेला उचलून तिला दाखविला. तो अर्धा भरलेला होता. धाकटीने तो संपेपर्यंत फोन ठेवू दिला नाही.